मांडवाखालचा चष्मा

"बाय, ह्यो चश्मा तुझा तुला घे. खोटा हाय."

असं म्हणून तिने रुमालात गुंडाळलेला चष्मा काउंटरवर ठेवला आणि बाकावर जाऊन बसली. भांडली नाही, काही मागितलं नाही. दिंडोरीकडच्या गाडीला वेळ होता म्हणून बसली, एवढंच. तो चष्मा परत येण्याची ही दुसरी खेप होती.

नाशिकला पेठ नाक्याजवळ डोळ्यांचा एक दवाखाना आहे, तिथे मी काम करते. डॉक्टर मॅडम डोळे तपासून नंबर काढतात, त्यापुढचं सगळं माझ्याकडे. फ्रेमा दाखवायच्या, दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, काचेवर खुणा करून ती मागच्या खोलीतल्या काकांकडे घासायला द्यायची, आणि चष्मा तयार झाला की माणसाच्या नाकावर चढवून कानामागच्या काड्या वाकवून द्यायच्या. काड्या वाकवणं सगळ्यात अवघड. दोन्ही कान एका उंचीवर असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हे काम मी शिकून आले नव्हते. बी.कॉम. करून एका कुरिअरच्या ऑफिसात दोन वर्षं पाकिटांवर शिक्के मारले आणि मग ओळखीने इथे लागले. पण चौकशा करायची खोड लहानपणापासूनची. आई म्हणायची, ही पोरगी लग्नाला गेली की नवरा-नवरी सोडून आचाऱ्यापाशी जाऊन बसते. दवाखान्यात ती खोड फारच वाढली. समोर बसलेला प्रत्येक माणूस डोळ्यांनी वेगळं काहीतरी करत असतो आणि ते काय, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. मॅडम आतून ओरडतात, "अगं, प्रश्न कमी विचार, बाहेर रांग लागलीय."

चष्मा परत करणारी ही बाई पन्नाशीच्या आतबाहेरची होती. बुटकी, काटक, फुलाफुलांच्या साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल. तिचं गाव पेठच्या पुढे डोंगरात. भात घरात आलं की त्यांची बायांची टोळी दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमध्ये कामाला उतरते आणि हंगाम संपेपर्यंत तिथेच राहते. आठवडे बाजाराच्या दिवशी काम बंद असतं, तेव्हा ती आमच्याकडे यायची. लांबचा अगदी थोडा आणि जवळचा चांगला दोन नंबर, म्हणून मॅडमनी तिला बायफोकल लिहून दिला होता. म्हणजे एकच काच, तिच्यातून समोरचं लांबचं दिसतं, आणि तळाशी अर्ध्या चंद्रासारखा एक छोटा तुकडा असतो, त्यातून जवळचं.

पहिल्यांदा ती परत आली तेव्हा मी फ्रेम घट्ट करून दिली होती आणि म्हटलं होतं, "मावशी, आठ दिवस घाला, सवय होईल." हे वाक्य मी दिवसातून चार वेळा तरी म्हणते. बहुतेकांना सवय होतेही.

आता दुसऱ्या वेळी मॅडमनी तिला तोच चष्मा घालायला लावून परत आत घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून चारी दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी ई अक्षरांचा तक्ता लावला. ईची बोटं ज्या बाजूला, त्या बाजूला तिने आपली बोटं केली. एकही चूक नाही. मग तसलंच छोटं कार्ड हातात दिलं. तेही शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर.

"नंबर अचूक आहे," मॅडम मला म्हणाल्या. "नीट समजावून सांग त्यांना."

मी तिच्याशेजारी बाकावर बसले. "मावशी, कार्डावरचं तर सगळं दिसलं तुम्हाला."

"कार्डावरचं दिसतंय गं. कार्ड खाली धरलंय तुम्ही."

"मग तुम्हाला काय दिसत नाही?"

"मणी."

मला वाटलं गळ्यातले. ती हसली. म्हणाली, द्राक्षाचे. आणि तिने बसल्याबसल्याच दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. डाव्या हाताच्या ओंजळीत नसलेला घड धरला, उजव्या हाताच्या दोन बोटांची कात्री केली. हनुवटी वर गेली. मी तिच्या चष्म्याकडे बघत होते. ती वर बघत होती काचेच्या वरच्या भागातून, आणि जवळचं दाखवणारा तुकडा खाली गालापाशी बसला होता. मग तो तुकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून तिने मान मागे टाकली, आणखी मागे टाकली, तोंड उघडं पडलं, रुमालाची गाठ पाठीला टेकली.

"अशी दिसभर उभी ऱ्हायले तर मान ऱ्हाईल का जाग्यावर?" त्याच अवस्थेत ती म्हणाली.

चष्मा लावणारे सगळे लोक जवळचं बघायला खाली बघतात, हे मी इतकं धरून चालले होते की तसं धरून चालतेय हेही मला ठाऊक नव्हतं. पेपर, पोथी, मोबाईल, तांदूळ, सुई, सगळं खाली असतं. हिचं वर होतं.

मी मागच्या खोलीत गेले. काका घासायच्या यंत्रापाशी बसले होते. वीस-बावीस वर्षं त्यांच्या हाताखालून काचा गेल्या आहेत.

"काका, बायफोकलचा खालचा तुकडा वर बसवता येईल?"

"वर? टोपीवर वाचायचंय का कुणाला?"

मी त्यांना हात वर करून दाखवलं. काकांनी पुसायचं फडकं खाली ठेवलं. ड्रॉवरमधून एक काच काढली, दिव्यासमोर धरली आणि सावकाश फिरवली. अर्धा चंद्र वर गेला. बराच वेळ ते काच नुसती फिरवत राहिले.

"येईल," ते म्हणाले. "पण नुसती फिरवून नाही चालायचं. जवळ बघताना डोळे नाकाकडे वळतात, म्हणून हा तुकडा नाकाकडे सरकवलेला असतो. काच फिरवली की तो जाणार कानाकडे. उजव्या डोळ्याची काच डाव्याला लावायची आणि डाव्याची उजव्याला. मग जमेल." आणि स्वतःवरच खूश होऊन म्हणाले, "इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नाही मला."

मॅडमना आधी पटलं नाही. "एवढं कशाला? कामापुरता नुसता जवळचा चष्मा दे त्यांना."

हे मी मावशीला विचारलं होतं. एका मैत्रिणीचा तसला तयार चष्मा लावून तिने बघितलं होतं. घड दिसला, पण पुढच्या झाडाकडे जाताना जमिनीवरची ठिबकची नळी दिसली नाही आणि ती गुडघ्यावर पडली. मी गुडघ्याचं सांगितलं तसं मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कर. पण नाही जमलं तर त्यांना सांगायचं काम तुझं."

काकांनी चष्मा केला. मी तो रुमालात बांधून दिला आणि पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट बघायला लागले. मावशी आली ती दारातूनच हसत आली. मला वाटलं, जमलं.

"घड दिसतोय," ती म्हणाली. "पण माणूस दिसत नाय."

"म्हणजे?"

"म्हंजी तुझं तोंड धुकट दिसतंय आता. काल मालक समोरून आला, मी म्हनलं टोळीतलीच कोन बाई हाय, तर त्याला म्हनलं, चल गं चहा प्यायला."

काका मागच्या खोलीतून हसत बाहेर आले. मला मात्र हसू येईना. चूक माझी होती. वरचा तुकडा किती खाली आणायचा ते मी अंदाजाने ठरवलं होतं, आणि तो थेट बुबुळांपुढे उतरला होता. दवाखान्याच्या बाकावर बसून हात वर केलेली बाई आणि बागेत काम करणारी बाई सारख्याच उभ्या राहत असतील, असं मी समजून चालले होते.

"मावशी, मी आले तर चालेल का बागेत?"

"ये की. पन साडी नको नेसू. चिकाटा होतो."

रविवारी दवाखाना बंद असतो. म्हसरूळहून मी दिंडोरीची एसटी पकडली. पिशवीत शिंप्याची टेप, कपड्यावर खुणा करायचं काळं पेन, आणि साध्या प्लॅस्टिकच्या काचांची एक रिकामी फ्रेम. बागेच्या शेडपाशी मालक भेटले. त्यांनी माझ्याकडे आणि टेपकडे संशयाने पाहिलं.

"कुठल्या ऑफिसातून आलात?"

"ऑफिस नाही. चष्म्याच्या दुकानातली आहे. एका मावशींचा चष्मा बसत नाहीये."

"मला चहाला बोलावलं त्या का?" त्यांनी हसून आतला रस्ता दाखवला.

द्राक्षाची बाग मी जन्मभर रस्त्यावरून पाहत आले. नाशिकमध्ये राहून न पाहणं शक्यच नाही. पण आत, मांडवाखाली, कधी गेले नव्हते. आत हिरवा उजेड होता. तारांवर वेली पसरलेल्या, त्यांच्यातून घड खाली लोंबत होते आणि ओळीने बाया हात वर करून उभ्या होत्या. कुणी गात नव्हतं, बोलणंही फारसं नव्हतं, नुसता कात्र्यांचा बारीक आवाज. विरळणी चालली होती. घडात मणी फार दाटीने धरतात. ते साबुदाण्याएवढे असतानाच आतले काढून टाकावे लागतात, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते.

मावशी मात्र कात्री घेऊन उभी नव्हती. ती खाली वाकून पाचोळा गोळा करत होती.

टोळीची मुकादम तिच्याच भावाची मुलगी होती, तिशीची असेल. तिनेच मला सांगितलं. "आत्यानंच मला कात्री धरायला शिकवलं. ह्या सगळ्यांना तिनंच शिकवलंय. पन औंदा तिच्या घडांना कात्रीचे डाग पडाया लागले. मालक घड बघतोय, घडामागची आत्या नाय बघत."

मावशीने हे ऐकलं. पाचोळ्याची पाटी उचलून बांधावर नेऊन ओतली आणि परत आली.

मी तिला रिकामी फ्रेम घातली आणि म्हटलं, "आता नेहमी करता तसं करा. माझ्याकडे लक्ष देऊ नका." भाचीने आपली कात्री तिच्या हातात दिली. मावशी एका घडाखाली उभी राहिली आणि मला जे दवाखान्यात दिसलं नव्हतं ते इथे दिसलं. बाकीच्या बाया तिच्यापेक्षा हातभर नाही तरी वीतभर उंच होत्या. घड त्यांच्या कपाळासमोर येत होता. मावशी बुटकी, म्हणून तिचा घड डोक्याच्याही वर. त्यामुळे ती पाय थोडे फाकवून, कमरेतून किंचित मागे रेलून उभी राहायची. मान तशी कमीच वळायची, डोळे मात्र पार वर जायचे. वर, काचेच्या अगदी कडेला.

मी तिच्या तोंडासमोर वाकून, एक डोळा मिटून, तिची नजर प्लॅस्टिकमधून जिथून जात होती तिथे काळ्या पेनाने रेघ मारली. मग तिला म्हटलं, आता बांधाकडे चालत जा आणि परत या. चालताना नजर कुठून जाते तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमध्ये चांगलं अंतर होतं. मी केलेला तुकडा वरच्या रेघेपासून थेट खालच्या रेघेच्याही खाली उतरत होता. डोळ्यापासून घडापर्यंतचं अंतर टेपने मोजलं, तर ते आमच्या कार्डापेक्षा चार बोटं जास्त निघालं. तेही लिहून घेतलं.

काम तिथेच संपलं होतं, पण मला निघवेना. "मी एक कापून बघू?"

बाया हसल्या. मावशीने कात्री माझ्या बोटांत नीट बसवून दिली. लांब, अरुंद पात्यांची. "आतला काढ. भाईरला नको. आन शेजारच्याला पातं लागू देऊ नको."

मी आतला एक मणी धरला. कापला. तो पडला आणि त्याच्या शेजारच्यावर एक बारीक पांढरी रेघ उठली. मला ती दिसलीसुद्धा नसती, मावशीने हात लावून दाखवली. म्हणजे डोळ्यांनी हेरली ती भाचीने. मावशीला ती नुसत्या बोटाला लागली होती.

"आता ह्यो सडंल," ती म्हणाली, "आन जाताना शेजाऱ्यांना बी घेऊन जाईल." आणि माझ्या हातून कात्री घेऊन तिने तो मणी आणि त्याच्याजवळचे दोन काढून टाकले.

"मावशी, कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे कसं कळतं?"

तिने विचार केला. "तो फुगल्यावर कसा दिसंल, ते बघायचं."

एवढंच सांगितलं. मी परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळवत बसले. साबुदाण्याएवढ्या मण्याकडे बघून ती दोन-अडीच महिन्यांनंतरचा घड बघत होती, आणि आम्ही तिला ई दाखवत होतो.

येताना मालकांना विचारून काढून टाकायचा एक घड मी सोबत आणला होता. सोमवारी मॅडमना टेपचे आकडे दाखवले. त्यांनी जवळचा नंबर थोडा कमी करून दिला. काकांनी ती काळ्या रेघांची फ्रेम समोर ठेवून नवीन काचा घासल्या. अर्धा चंद्र आता वरच्या कडेला चिकटून, नखाएवढाच खाली उतरलेला.

मावशी आली तेव्हा मी दवाखान्याच्या पडद्याच्या दांडीला तो घड दोऱ्याने बांधून ठेवला होता. जरा सुकला होता, पण चालण्यासारखा होता. ती स्वतःची कात्री घेऊन आली होती, मीच सांगितलं होतं. चष्मा नाकावर चढवला, काड्या बसवल्या. ती दांडीखाली गेली, पाय फाकवले, मागे रेलली आणि थांबली.

मी वाट बघत होते. काका दारात येऊन उभे राहिले. बाकावर बसलेले पेशंट, डोळ्यांत औषध घालून मिटून बसायला सांगितलेले, तेही एकेक डोळा उघडून बघायला लागले.

कात्री वाजली. एक मणी फरशीवर पडून टुणटुणत बाकाखाली गेला. मग दुसरा. मग ती थांबेचना. घडाला हाताने वळवत, वरून, आतून, देठाजवळून, सटासट. फरशीवर हिरवे ठिपके पडत होते. तेवढ्यात, पुढचा पेशंट का येत नाही हे बघायला मॅडम बाहेर आल्या.

"हे काय चाललंय?"

मॅडम मावशीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि मान वर करून बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "थांबा, मला दाखवा, कुठला काढताय?"

"ह्यो बघ, ह्यो. आन ह्यो ठेवायचा." मावशी मॅडमनाही अगंतुगंच करत होती.

"का?"

"त्येला वारा लागतोय."

मॅडमनी दोन मिनिटं बघितलं. मग मावशीचा चष्मा काढून स्वतःच्या चष्म्यावर धरला, वर बघितलं, खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत दिला. "चालून दाखवा," त्या मावशीला म्हणाल्या. मावशी दारापर्यंत गेली, पायरी उतरली, रस्त्यावर उभी राहिली आणि तिथून मोठ्याने मला म्हणाली, "बाय, तुझ्या नाकावर तीळ हाय!"

पुढच्या आठवड्यात तिला कात्रीचं काम परत मिळालं. आधी भाचीने कडेची एक ओळ देऊन बघितली, डाग नाही म्हटल्यावर मधल्या ओळी. सगळंच सुटलं असं नाही. संध्याकाळी मान दुखतेच, ती म्हणते, पण ती सगळ्यांचीच दुखते. आणि भाकरी करताना हा चष्मा कामाचा नाही. तव्यावरचं दिसत नाही, दारापलीकडच्या कोंबड्या मात्र मोजता येतात. त्यासाठी काकांनी तिला पहिला, साधा बायफोकल परत तयार करून दिला आणि तो ओळखू यावा म्हणून त्याच्या काडीला लाल दोरा गुंडाळला.

हंगामाच्या शेवटी, गावी परतायच्या आधी, ती टोळीतल्या पाच जणींना घेऊन आली. पिकअपमधून उतरल्या आणि सगळं बाक भरून गेलं. दोघींना खरंच चाळिशी लागली होती. बाकीच्या नुसत्या आल्या होत्या. डोळ्याचा नंबर आधी एका यंत्रात बघतात, त्यात हनुवटी टेकवून आत पाहिलं की एक चित्र दिसतं, लांब सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला आकाशात रंगीत फुगा. मावशीने त्यांना त्या फुग्याचं सांगून ठेवलं होतं. सगळ्याजणींना फुगाच बघायचा होता.

मी एकेकीला बसवलं. एकीने विचारलं, फुग्यात माणूस बसलाय का? दुसरीने विचारलं, रस्ता कुठल्या गावाचा? मावशीची पाळी शेवटची. ती बराच वेळ हनुवटी टेकवून बघत राहिली.

"शेतात काय लावलंय गं रस्त्याच्या कडंला?"

मी ते यंत्र रोज वीस-पंचवीस जणांना दाखवते. शेतात काय आहे, ते मला सांगता येईना. "बघते," म्हटलं. ती उठली, मी तिच्या जागेवर बसले आणि हनुवटी टेकवली. पलीकडच्या बाजूला बटणापाशी काका जाऊन उभे राहिले. चित्र आधी धुकट होतं, मग हळूहळू स्पष्ट झालं. फुगा, रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवं, सपाट.

"गवत वाटतंय," मी म्हटलं.

"गवत नाय," मागून मावशी म्हणाली. "गवताला अशी ओळ नसती. नीट बघ."

मी नीट बघितलं.